घरातील ज्येष्ठांची दीर्घकालीन देखभाल : पैसा, कायदा आणि माणसे

१ नोव्हेंबर १९५६ रोजी नव्या मध्यप्रदेशाची राजधानी भोपाळ झाली. नागपूर, ग्वाल्हेर, इंदूरकडची अनेक मराठी कुटुंबे सरकारी नोकरीनिमित्त येथे आली. त्याच सुमारास हेवी इलेक्ट्रिकल्सचा, म्हणजे आजच्या भेलचा, कारखाना उभा राहिला आणि आणखी काही घरे वाढली. त्या पिढीची मुले आज स्वतः पेन्शनर आहेत. आपल्यापैकी कित्येकांच्या घरी सत्तरीचा मुलगा नव्वदीच्या आईची सेवा करतो आहे आणि नातवंडे पुणे, बंगळूर किंवा परदेशात आहेत.

सन २०११ च्या जनगणनेनुसार देशात साठ वर्षांवरील लोक सुमारे १०.४ कोटी होते. 'इंडिया एजिंग रिपोर्ट २०२३' या अहवालानुसार २०२२ मध्ये ही संख्या सुमारे १४.९ कोटी, म्हणजे लोकसंख्येच्या १०.५ टक्के झाली होती. २०५० पर्यंत ती २० टक्क्यांच्या वर जाईल असा अंदाज आहे. आयुष्य वाढले ही आनंदाचीच गोष्ट, पण शेवटची काही वर्षे दुसऱ्याच्या आधाराने काढावी लागतात. त्याची तयारी बहुतेक घरांत झालेली नसते. म्हणून ही माहिती एकत्र देत आहोत.

देखभाल म्हणजे नेमके काय

आजारपण आणि देखभाल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आजारपणात दवाखाना, ऑपरेशन, औषधे आणि मग घरी, असा क्रम असतो. अर्धांगवायू, खुब्याचे हाड मोडणे, पार्किन्सन, स्मृतिभ्रंश यांत मात्र दवाखान्यातून सुटी मिळाल्यावरच खरे काम सुरू होते. आंघोळ, जेवण भरवणे, डायपर बदलणे, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कुशीवर वळवणे, रात्री जागणे हे सारे महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षे चालते.

भोपाळला आणखी एक ओझे आहे. २ व ३ डिसेंबर १९८४ च्या रात्री ज्यांनी वायू सोसला, त्यांच्यापैकी अनेकांना दम आणि डोळ्यांचे विकार कायमचे जडले. ती तरुण माणसे आज म्हातारी झाली आहेत. नोंदणी असलेल्या गॅसपीडितांनी आपले कार्ड जपून ठेवावे. भोपाळ मेमोरियल हॉस्पिटलमध्ये त्यांच्यावर मोफत उपचार होतात.

विमा कोठे थांबतो

२९ ऑक्टोबर २०२४ पासून सत्तर वर्षांवरील प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान योजनेत वर्षाला प्रति कुटुंब ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे. त्यासाठी 'आयुष्मान वय वंदना' कार्ड काढावे लागते. आधार आणि आपल्या राज्यात समग्र आयडी जवळ ठेवावा. खाजगी मेडिक्लेम असला तरी हे कार्ड मिळते. सीजीएचएस किंवा माजी सैनिकांची योजना असेल तर दोहोंपैकी एक निवडावी लागते.

पण ही योजना भरती होऊन घेतलेल्या उपचारांसाठी आहे. सुटीनंतरचा खर्च पंधरा दिवसांपुरताच त्यात धरला जातो. खाजगी मेडिक्लेमचेही साधारण असेच असते. घरी ठेवलेला अटेंडंट, आया, डायपर, एअर बेड, महिनोन्‌महिन्यांची फिजिओथेरपी हा खर्च बहुधा स्वतःच करावा लागतो. म्हणून विमा आहे म्हणून निश्चिंत राहू नये. देखभालीसाठी वेगळी रक्कम बाजूला असावी. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत आता ३० लाखांपर्यंत पैसे ठेवता येतात आणि व्याज दर तीन महिन्यांनी हाती येते. महिन्याच्या मदतनिसाच्या पगारासाठी अशी नियमित आवक उपयोगी पडते.

बँकेची कामे : शुद्धीत असतानाच करावीत

या विषयावर आम्ही जरा आग्रहाने लिहीत आहोत, कारण नोकरीच्या काळात काउंटरच्या आतून हेच वारंवार पाहिले. यजमानांना झटका आला आहे, ते दवाखान्यात बेशुद्ध आहेत, खात्यात आणि एफडीत पुरेसे पैसे आहेत. पण सर्व त्यांच्या एकट्याच्या नावावर. वहिनी पासबुक घेऊन समोर उभ्या आणि नॉमिनी म्हणून त्यांचेच नाव. अशा वेळी 'नॉमिनीला पैसे मृत्यूनंतरच मिळतात' हे वाक्य त्यांना सांगावे लागे. ते सांगताना आमचीही मान खाली जाई.

पुढील बाबी लक्षात ठेवाव्यात :

१. पती-पत्नीचे निदान एक खाते 'आयदर ऑर सर्व्हायव्हर' पद्धतीचे असावे आणि त्यात चार-सहा महिन्यांच्या खर्चाची रक्कम राहू द्यावी. दोघांच्या नावावरची एफडी मुदतीआधी मोडायला बहुधा दोघांच्याही सह्या लागतात, हे विसरू नये.

२. मुखत्यारपत्र करून ठेवले म्हणजे झाले, असे पुष्कळांना वाटते. भारतीय करार कायद्याच्या कलम २०१ प्रमाणे, देणाऱ्याची मानसिक क्षमता गेली की मुखत्यारपत्र संपते. म्हणजे स्मृतिभ्रंशात नेमकी गरज असते तेव्हाच ते निकामी ठरते. मग पालक नेमून घेण्यासाठी कोर्टाची पायरी चढावी लागते.

३. खातेदार शुद्धीत आहे पण सही करू शकत नाही, तेव्हा रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे अंगठ्याचा ठसा चालतो. दोन साक्षीदार लागतात, त्यांपैकी एक बँकेचा जबाबदार अधिकारी. पैसे कोण नेणार हेही खातेदाराने सांगायचे असते. सत्तरीपुढील व आजारी खातेदारांना घरपोच सेवा देण्याच्या सूचनाही बँकांना २०१७ पासून आहेत. शाखेत लेखी अर्ज द्यावा.

४. हयातीचा दाखला आता मोबाईलवर चेहरा दाखवून घरूनच देता येतो. अंथरुणावरच्या माणसाला उचलून बँकेत आणण्याची गरज नाही. ऐंशीपुढील केंद्रीय पेन्शनर हा दाखला १ ऑक्टोबरपासूनच देऊ शकतात.

५. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला चार नॉमिनी ठेवता येतात. मात्र नॉमिनी हा मालक नव्हे. वाटणी कशी व्हावी हे मृत्युपत्रातच लिहावे.

घर नावावर करण्यापूर्वी

आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांचे पालनपोषण व कल्याण अधिनियम, २००७ प्रमाणे ज्यांचे स्वतःचे भागत नाही ते आई-वडील सज्ञान मुलगा, मुलगी, नातू किंवा नात यांच्याकडून निर्वाहखर्च मागू शकतात. अपत्य नसेल तर जो नातेवाईक मालमत्तेचा वारस ठरणार आहे त्याच्याकडून मागता येतो. मध्यप्रदेशात अर्ज एस.डी.एम. यांच्याकडे करायचा असतो. कायद्यात महिना कमाल १०,००० रुपयांची मर्यादा आहे आणि निकालासाठी ९० दिवसांची मुदत दिली आहे, ती ३० दिवसांनी वाढू शकते.

यातील कलम २३ सर्वांनी वाचावे. सांभाळ करण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि सांभाळ झाला नाही, तर ते हस्तांतरण रद्द होऊ शकते. आपल्याच राज्यातील छतरपूरचे उदाहरण आहे. एका आईने २०१९ मध्ये मुलाला घराचे दानपत्र करून दिले. मुलाने सांभाळाचे वचनपत्र वेगळे लिहून दिले होते. पुढे सांभाळ होत नाही म्हणून आईने अर्ज केला. एस.डी.एम., कलेक्टर आणि हायकोर्टाच्या एकल न्यायाधीशांकडे निकाल तिच्या बाजूने लागला, खंडपीठाने तो फिरवला. अखेर २ जानेवारी २०२५ रोजी सुप्रीम कोर्टाने दानपत्र रद्द ठरवून घराचा ताबा आईला परत देण्यास सांगितले. न्याय मिळाला, पण उतारवयातली वर्षे कज्ज्यात गेली. म्हणून सांभाळाची अट दानपत्रातच स्पष्ट लिहावी. त्याहून बरे म्हणजे हयातीत घर आपल्याच नावावर ठेवून मृत्युपत्र करावे. मुलांवर अविश्वास म्हणून नव्हे. लिहिलेले असले की मुलांमुलांतही वाद होत नाहीत.

सांभाळणाऱ्याचा सांभाळ

बहुतेक घरांत हे काम सून, मुलगी किंवा स्वतः साठी-सत्तरीची पत्नी करते. तिची कंबर, तिची झोप, तिचे बाहेर पडणे याचा हिशेब कोणी ठेवत नाही. दूर असलेली मुले पैसे पाठवतात, ते आवश्यकच आहेत. पण वर्षातून दोनदा पंधरा दिवस येऊन तिला मोकळे करणे ही मदत तितकीच मोठी आहे. मदतनीस ठेवला तर त्याचे ओळखपत्र घ्यावे, पोलीस पडताळणी करावी आणि आठवड्याची सुटी द्यावी. थकलेला माणूस नीट सेवा करू शकत नाही.

वृद्धाश्रम या शब्दाला आपल्याकडे अजून लाज चिकटलेली आहे. घरी रात्रंदिवस माणूस ठेवणे शक्य नसेल आणि चांगली जागा मिळत असेल, तर तो सोडून देणे ठरत नाही. जागा निवडताना अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाला ते ठेवतात का, रात्री नर्स असते का, हे आधी विचारावे. भेटीला मात्र जात राहावे.

एकट्या ज्येष्ठांनी १४५६७ हा एल्डरलाइनचा क्रमांक लिहून ठेवावा. तो सकाळी ८ ते रात्री ८ चालतो. मन खचत असेल तर १४४१६ या टेलि-मानसवर बोलावे.

आपण काय करू शकतो

आपल्यापैकी पुष्कळांच्या माळ्यावर व्हीलचेअर, वॉकर, कमोड खुर्ची पडून आहे. त्यांची यादी मंडळात ठेवली तर गरजू घराला ती एका फोनवर मिळेल. अंथरुणावरच्या सभासदाकडे आठवड्यातून दोन तास कोणी बसले, तर घरच्या बाईला बाजारात किंवा देवळात जाऊन येता येईल. गणेशोत्सवात जे स्वयंसेवक मिळतात त्यांतले दहा जण वर्षभर मिळाले तरी पुरे.

आणि प्रत्येक घरात एक फाइल असावी : खाती, विमा, पेन्शनचा पीपीओ, आधार, समग्र आयडी, औषधांची यादी, डॉक्टरांचे फोन, मृत्युपत्र कोठे आहे त्याची नोंद. ही फाइल कोणत्या कपाटात आहे ते घरातल्या दोघांना तरी माहीत असावे. हातपाय आणि डोके चालत आहे तोवर हे काम एका दुपारचे आहे.