लेकराची गवाही आणि पढवणारे मोठे

इमाम मालिक (वफात इ.स. 795) यांच्या 'मुवत्ता'त निवाड्यांच्या प्रकरणात एक छोटी नोंद आहे. लेकरांच्या आपसातल्या मारामारीत कुणी जखमी झालं, तर हजरत अब्दुल्ला बिन जुबैर लेकरांचीच साक्ष धरीत. इमाम मालिक त्याला अट जोडतात : ती साक्ष मुलं पांगायच्या आत, कुणी त्यांना शिकवायच्या-फसवायच्या आत दिलेली हवी. एकदा पांगली की नाही. आधीच भरवशाच्या मोठ्या माणसांनी ती ऐकून ठेवली असेल तरच. आपण मराठवाड्यातले बहुतेक हनफी, आणि हनफी फिकहमध्ये साक्षीदार बालिग लागतो. म्हणून ही अट आपल्याकडे फारशी कुणाला माहीत नाही.

लेकरू खरं बोलतं की खोटं, हे तिथं विचारलेलंच नाही. त्याच्यापर्यंत आधी कोण पोचलं, एवढंच विचारलंय.

इंग्रजांनी 1872 साली पुरावा कायदा केला. त्याच्या कलम 118 मध्ये साक्षीदाराला वयाची अट नव्हती. प्रश्न समजून नीट उत्तर देता आलं की झालं. हा कायदा पार सोमालीलँडपर्यंत लागू होता. तिथल्या मोहम्मद सुगल इसा याच्या खून खटल्यात दहा-अकरा वर्षांच्या मुलीची साक्ष शपथेविना झाली, आणि प्रिव्ही कौन्सिलने ती ग्राह्य मानली. दुजोरा असावा हा शहाणपणाचा भाग, असंही सांगितलं.

पुढचा निकाल आपल्या जवळच्या माणसाचा. नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश राहिलेले व्हिव्हियन बोस सर्वोच्च न्यायालयात गेले. रामेश्वर विरुद्ध राजस्थान राज्य या खटल्यात साक्षीदार होती आठ वर्षांची पीडित मुलगी. शपथेचं महत्त्व तिला कळत नाही म्हणून खालच्या न्यायाधीशांनी तिला शपथ दिली नव्हती. बोस म्हणाले, त्याने साक्ष बाद होत नाही. शिवाय घटनेनंतर तिने लगेच आईला जे सांगितलं, त्याला त्यांनी पुष्टी मानलं. म्हणजे पुन्हा तेच, पांगायच्या आत! 1997 मध्ये दत्तू रामराव साखरे विरुद्ध महाराष्ट्र राज्य या निकालाने आणखी पाऊल टाकलं : मूल विश्वासार्ह असेल, पढवलेलं नसेल, तर एकट्या त्याच्या साक्षीवरही शिक्षा होऊ शकते.

या 'पढवलेलं' शब्दाची मला गंमत वाटते. उर्दूत पढ़ाना ही माझी रोजीरोटी. मराठी कोर्टात पढवणं म्हणजे साक्ष नासवणं.

जर्मनीत उंडॉइच या मानसशास्त्रज्ञाने मांडलं की भोगलेली गोष्ट सांगताना जो तपशील येतो, तो रचलेल्या गोष्टीत येत नाही. त्यातून पुढे 19 निकष निघाले. पण निकष लागतात मुलाच्या स्वतःच्या शब्दांना. दहा जणांनी दहा वेळा विचारून झाल्यावर ते शब्द उरतात कुठे?

आपल्याकडे नेमकं तेच होतं. पोरीने काही सांगितलं की आधी घरात, मग मोहल्ल्यात बैठक. बुजुर्ग समोर, पोर मधे. 'कसम खा, खरं सांग.' कुणी म्हणतं, 'हात लावला ना तुला?' कुणी म्हणतं, 'नाव नको घेऊ, बदनामी होईल.' पहिला प्रश्न उत्तर भरवतो, दुसरा गिळवतो. दोन्हींचा फायदा आरोपीलाच, कारण उद्या त्याचा वकील म्हणणार की पोर पढवलेली आहे. 2012 च्या पोक्सो कायद्याचं कलम 19 सांगतं की कळल्यावर पोलिसांना कळवायचंच. त्यात जमातीच्या बैठकीला जागा नाही. मास्तर म्हणून एवढंच विचारावं, 'काय झालं, सांग,' आणि ऐकावं.

याच कायद्याचं कलम 26 म्हणतं की मूल जसं बोललं तसाच जबाब लिहायचा. देगलूरसारख्या सीमेवरच्या गावात हे वाटतं तितकं सोपं नाही. निजामाच्या काळात इथल्या कचेऱ्यांत मराठी, कानडी, तेलुगू बोलणाऱ्याचा इजहार उर्दूत उतरत असे. आता दखनी बोलणाऱ्या पोराचा जबाब मराठीत उतरतो. दखनीत 'कल' म्हणजे काल आणि उद्याही. 'परसों' तर चार दिवसांपूर्वी असू शकतं, चार महिन्यांपूर्वीही. लिहिणाऱ्याने 'परवा' लिहिलं की तारीख चुकली, आणि उलटतपासणीत पोर खोटी ठरली. त्याच कलमात दुभाष्याची सोय आहे, आणि शक्य तिथे जबाब ध्वनिचित्रमुद्रित करायचीही. दोन्ही मागून घ्याव्या लागतात.