प्रतिलेखन, दृश्यकेंद्रकी पेशींतील

जनुकातील डीएनएच्या एका धाग्यावरून पूरक आरएनए रेणू तयार होण्याची, मुख्यत्वे पेशीकेंद्रकात घडणारी प्रक्रिया (पहा : जनुक).

हे काम तीन वेगवेगळी आरएनए पॉलिमरेज विकरे करतात, हे रॉबर्ट रोडर व विल्यम रटर यांनी १९६९ मध्ये दाखवले. पहिले प्रामुख्याने रायबोसोमी आरएनए, दुसरे संदेशवाहक आरएनए आणि तिसरे वाहक आरएनए बनवते.

यांपैकी दुसऱ्याचा अभ्यास सर्वाधिक झाला आहे. हिस्टोन प्रथिनांभोवती गुंडाळलेला डीएनए आधी मोकळा व्हावा लागतो (पहा : क्रोमॅटिन). काही जनुकांत प्रारंभबिंदूच्या सुमारे २५ ते ३० बेसजोड्या आधी ‘टाटा’ क्रम असतो. अनेकांत तो नसतो. ‘टाटा’ क्रमापाशी टीबीपी हे प्रथिन डीएनएला तीव्र बाक देते व इतर प्रारंभक घटक जमतात. त्यांतील टीएफ-२-एच एटीपी वापरून धागे उलगडतो आणि पॉलिमरेजच्या शेपटीला फॉस्फेट जोडतो. ही शेपटी विशेष महत्त्वाची आहे. तिच्यात सात ॲमिनो अम्लांचा क्रम किण्वात २६, तर मानवात ५२ वेळा येतो. आरएनएला टोपी बसवणारी, इंट्रॉन छाटणारी व ॲडेनीनचे शेपूट जोडणारी प्रथिने तिलाच चिकटतात. म्हणून आरएनएवरील संस्करण प्रतिलेखन चालू असतानाच सुरू होते (पहा : आरएनए संस्करण).

अमानिटा फॅलॉइडीस या विषारी अळिंबीतील अल्फा-अमानिटिन हे विष याच दुसऱ्या पॉलिमरेजला रोखते. त्यामुळे यकृत निकामी होऊ शकते. प्रतिलेखनाच्या रेणवीय अभ्यासासाठी रॉजर कॉर्नबर्ग यांना २००६ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.