जुन्या मोटारींची ब्रायटन-यात्रा

नोव्हेंबर महिन्याचा पहिला रविवार उजाडण्याच्या सुमारास लंडन शहरांतील हाईड पार्क या विस्तीर्ण उद्यानांत दरवर्षीं एक विलक्षण मेळा भरतो. धुकें अजून विरलेलें नसतें, थंडी बोचत असते, आणि त्या अर्धवट उजेडांत पितळेच्या दिव्यांच्या, लाकडी आऱ्यांच्या चाकांच्या, बहुतेक उघड्याच अशा शेंकडों मोटारी ओळीनें उभ्या असतात. कोणी वांकून इंजिनाचा दांडा फिरवीत असतो, कोणी तेलाचे थेंब कांचेच्या नळींतून नीट पडतात कीं नाहीं तें पाहत असतो, तर कोणी वाफेच्या गाडीच्या बंबाखालीं जाळ पेटवीत असतो. यांतील एकहि मोटार १९०४ सालानंतर बांधलेली नसते. सूर्योदयाबरोबर त्यांना निघण्याची परवानगी मिळते, आणि दक्षिणेस सुमारें ६० मैलांवर समुद्रकांठीं वसलेल्या ब्रायटन शहराच्या दिशेनें हा वृद्धांचा तांडा खडखडत चालूं लागतो. यांत शर्यत नाहीं. सायंकाळीं साडेचारच्या आंत जो पोंचेल त्याला पदक मिळतें, आणि पहिल्यानें आलेल्याचें पदक व शेवटीं आलेल्याचें पदक अगदीं सारखेंच असतें.

सव्वाशें वर्षांचीं हीं यंत्रें गादीवर झांकून ठेवण्याऐवजीं भर हमरस्त्यावर आणण्याचा हा हट्ट कशासाठीं? त्याचा उगम पाहूं गेल्यास इंग्लंडच्या एका जुन्या कायद्यापर्यंत मागें जावें लागतें.

१८६५ सालीं ब्रिटिश पार्लमेंटनें रस्त्यावरून चालणाऱ्या वाफेच्या गाड्यांवर निर्बंध घातले. त्या काळीं अशा गाड्या म्हणजे माल ओढणारीं अवजड धुडें असत. त्यांच्या आवाजानें घोडे बुजत आणि वजनानें रस्ते खचत. म्हणून प्रत्येक गाडीबरोबर निदान तीन माणसें असावीं, त्यांपैकीं एकानें तांबडें निशाण हातीं धरून गाडीच्या ६० यार्ड पुढें पायीं चालावें, आणि गाडीनें गांवाबाहेर ताशीं ४ मैल व गांवांत ताशीं २ मैल ही मर्यादा ओलांडूं नये, असें ठरलें. १८७८ सालीं निशाणाची सर्वत्र असलेली सक्ती गेली, पण पुढें चालणारा माणूस राहिलाच. तिकडे जर्मनींत १८८६ सालीं कार्ल बेंझनें पेट्रोलच्या तीनचाकी गाडीचें पेटंट घेतलें, आणि १८९५ सालीं एमिल लव्हासॉर या फ्रेंच यंत्रज्ञानें पॅरिसहून बोर्डोपर्यंत जाऊन परत येण्याचा सातशेंहून अधिक मैलांचा प्रवास ४८ तास ४८ मिनिटांत पुरा केला. इंग्लंडांत मात्र पादचाऱ्याची चाल हीच मोटारीची कमाल गति होती.

ही बेडी १८९६ सालीं तुटली. नव्या कायद्यानें हलक्या मोटारींची त्या पादचाऱ्यापासून सुटका केली व ताशीं १४ मैलांपर्यंत वेगाची मुभा दिली. सरकारी नियमांनीं ती प्रत्यक्षांत १२ मैलांवर आणली. शनिवार, १४ नोव्हेंबर १८९६ रोजीं हा कायदा अमलांत आला, आणि त्याच दिवशीं हॅरी लॉसन नांवाच्या एका धडाडीच्या भांडवलदारानें लंडनहून ब्रायटनपर्यंत मोटारींची मिरवणूक काढली. निघण्यापूर्वींच्या न्याहारीच्या प्रसंगीं लॉर्ड विंचिल्सी यांनीं एक तांबडें निशाण सर्वांसमक्ष फाडून टाकलें. दिवस पावसाचा होता व रस्त्यांत चिखल झाला होता. ३३ गाड्या निघाल्या व १७ पोंचल्या असें सामान्यतः सांगतात. त्यांपैकीं एक गाडी आगगाडींतून नेऊन ब्रायटनजवळ तिला चिखल फांसण्यांत आला, अशीहि वदंता आहे. खुद्द लॉसन हा कांहीं साधुपुरुष नव्हता. मोटारींचीं पेटंटें विकत घेऊन साऱ्या धंद्याचा मक्ता मिळविण्याची त्याची खटपट चालली होती, आणि पुढें दुसऱ्याच एका कंपनीच्या प्रकरणांत १९०४ सालीं फसवणुकीबद्दल त्याला एक वर्षाची सक्तमजुरी झाली. परंतु त्यानें काढलेली मिरवणूक मात्र त्याच्या कीर्तीपेक्षां अधिक टिकली.

पुढील तीस वर्षांत मोटार इतक्या झपाट्यानें सुधारली कीं, पहिल्या पिढीच्या गाड्या केवळ अडगळ ठरल्या. कित्येक भंगारांत गेल्या. कित्येक तबेल्यांत आणि धान्याच्या कोठारांत कोंबड्यांच्या बैठकी होऊन राहिल्या. १९२७ सालीं एका लंडनच्या वर्तमानपत्रानें १८९६ च्या त्या यात्रेची पुनरावृत्ति घडवून आणली, तेव्हां लोक मुख्यतः हंसण्यासाठींच जमले. मोडक्या म्हाताऱ्यांची यात्रा असेंच कांहींसें थट्टेचें नांव तिला पडलें होतें. १९३० पासून रॉयल ऑटोमोबाईल क्लबनें ती आपल्या हातीं घेतली, आणि त्याच वर्षीं ब्रायटनच्या ओल्ड शिप हॉटेलांत कांहीं चाहत्यांनीं वृद्ध मोटारींसाठीं एक स्वतंत्र संस्था स्थापन केली. संस्थापकांपैकीं एक होते एस. सी. एच. डेव्हिस. १९२७ सालची ल मां येथील चोवीस तासांची शर्यत, अपघातांत सांपडून वांकडीतिकडी झालेल्या बेंटली गाडीनें, त्यांनीं आपल्या साथीदारासह जिंकली होती. त्या काळच्या अत्यंत वेगवान गाड्या हांकणारा हा मनुष्य अत्यंत मंद गाड्यांच्या रक्षणासाठीं पुढें आला, यांत विसंगति नाहीं. यंत्राला कसें वागविलें असतां तें शेवटपर्यंत साथ देतें, हें त्याला ठाऊक होतें.

या संस्थेनें चौकशी व तपासणी करून प्रत्येक गाडीचें वय ठरविण्याची शिस्त घालून दिली, आणि थट्टेची जागा हळूहळू आदरानें घेतली. महायुद्धाचीं वर्षें, पेट्रोलच्या नियंत्रणामुळें १९४७, आणि साथीच्या रोगामुळें २०२० एवढे अपवाद सोडले तर ही यात्रा खंडित झाली नाहीं. १९५३ सालीं हिच्यावर ‘जेनेव्हिव्ह’ नांवाचा विनोदी चित्रपट निघाला. त्याची नायिका म्हणजे १९०४ ची एक दाराक मोटार. त्या चित्रपटानंतर जुन्या गाडीचें वेड हें केवळ श्रीमंतांचें खूळ राहिलें नाहीं. कोठारांतल्या गंजलेल्या सांगाड्याकडे सामान्य माणूसहि निराळ्या दृष्टीनें पाहूं लागला.

आतां मूळ प्रश्नाकडे वळावें. गाडी चालविल्यानें झिजते हें खरें. परंतु न चालविल्यानें ती अधिक लवकर मरते, हें तितकेंच खरें आहे. उभ्या मोटारींतील पेट्रोलचा हलका अंश उडून जातो आणि मागें राहिलेला चिकट थर कार्बुरेटरचीं बारीक छिद्रें बुजवितो. सिलिंडरच्या भिंतीवरचें तेल ओघळून खालीं उतरतें, हवेंतील दमट अंश तेथें बसतो आणि गंज धरतो. त्या काळच्या क्लचवर चामडें असे. वापर नसला कीं तें वाळून टणक होतें आणि मग गाडी हिसके देऊं लागते. रबराच्या धांवा एकाच जागीं दबून चपट्या होतात. लाकडी आऱ्या सुकून सांध्यांत ढिल्या पडतात. आपल्याकडील शेतकऱ्याला हें सांगावयास नको. उन्हाळ्यांत उभ्या राहिलेल्या बैलगाडीचें चाक आटून त्याची धांव सैल झाली, कीं तो तें ओढ्यांत नेऊन भिजत घालतो, आणि ज्याची गाडी नित्य रस्त्यावर असते त्याला वंगणाची आठवण आपोआपच राहते.

लोखंड-लाकडाच्या या हानीपेक्षां मोठी हानि दुसरीच आहे, आणि ती कांचेच्या कपाटाबाहेरून दिसत नाहीं. १९०४ सालची गाडी चालविणें ही एक स्वतंत्र विद्या आहे. ठिणगी लवकर पडावी कीं उशीरां, हें चालकानें एका दांडीनें सतत ठरवावें लागतें. चढ आला कीं ती दांडी मागें घ्यावयाची, सपाटी आली कीं पुढें. गीअर बदलतांना दोन चक्रांची गति कानानें ओळखून जुळवावी लागते, नाहीं तर दांते करकरतात. आरंभींच्या कांहीं गाड्यांत ठिणगीहि नसे. प्लॅटिनमची एक नळी बाहेरून ज्योतीनें लाल तापवून तिच्या उष्णतेनें इंधनाचा भडका होत असे, आणि जोराचा वारा सुटला कीं ज्योत विझून गाडी जागच्या जागीं थबके. ब्रेक बहुधा मागच्याच चाकांना, त्यामुळें उतारावर उतरणें हें चढण्याहून बिकट. या गोष्टी ग्रंथांत लिहितां येतात, पण त्या हाताला आणि कानाला शिकवितां येतात त्या रस्त्यावरच. १८८८ सालीं बेर्टा बेंझ या बाई आपल्या दोन मुलांना घेऊन पतीच्या गाडींतून मानहाइमहून फोर्झहाइमला गेल्या. वाटेंत त्यांनीं तुंबलेली इंधननळी टोपीच्या टांचणीनें मोकळी केली, आणि झिजलेल्या लाकडी ब्रेकवर चांभाराकडून चामडें बसवून घेतलें, असें सांगतात. मोटारीला काय हवें आहे हें तेव्हांहि कारखान्यांत कळलें नव्हतें, तें वाटेवरच कळलें.

या मताविरुद्ध एक गंभीर आक्षेप आहे, आणि तो टाळणें योग्य नव्हे. जो मूळ भाग एकदां झिजला किंवा मोडला, तो पुन्हां मिळत नाहीं. आज पिस्टन बदलला, उद्यां चाकें बदललीं, परवां सांगाडा सांधला, तर अखेर उरतें तें जुन्या गाडीचें नांव. शिवाय आजच्या वाहतुकींत अपघाताची भीति आहेच. यासाठीं जी गाडी आपल्या जातीची एकुलती एक उरली आहे, किंवा जिचा मूळ रंग, मूळ कातडें व कारागिराच्या हातच्या खुणा अजून शाबूत आहेत, तिला विश्रांति देणें हेंच शहाणपणाचें. परंतु हा न्याय सर्वच गाड्यांना लावला तर शंभर वर्षांनीं संग्रहालयांत वस्तु राहतील आणि त्यांचा अर्थ सांगणारा कोणी राहणार नाहीं. इंग्लंडांतील ब्यूली येथील राष्ट्रीय मोटार संग्रहालयानें यांतून मध्यम मार्ग काढला आहे: तेथील कांहीं जुन्या मोटारी या यात्रेंत रस्त्यावर येतात आणि परत जाऊन आपल्या जागीं उभ्या राहतात. यात्रेचे नियमहि याच समजुतीचे आहेत. सरासरी वेग ताशीं २० मैलांच्या वर जाऊं द्यावयाचा नाहीं आणि कोणालाहि विजयी ठरवावयाचें नाहीं, यामुळें चालकाला गाडी ताणण्याचा मोह पडत नाहीं. भारतांतहि १९६४ पासून दिल्लीस ‘स्टेट्समन’ पत्रानें जुन्या मोटारींची यात्रा सुरू केली. तिच्यामागील कल्पना हीच, कीं गाडी आपल्या चाकांवर आली पाहिजे.

आजहि प्रस्थानापूर्वीं हाईड पार्कमध्यें तांबडें निशाण फाडण्याचा विधि होतो. त्यानंतर सारा दिवस ब्रायटनच्या वाटेवर दुतर्फा माणसें उभीं असतात. चढावर एखादी एका सिलिंडरची गाडी दमते, तेव्हां आंतले प्रवासी उतरून तिला हात लावतात आणि बघ्यांपैकीं दोघे-चौघेहि पुढें होतात. कोठें एखादी गाडी कडेला थांबलेली असते, तिचा चालक बाह्या सरसावून तिच्यापाशीं गुडघ्यांवर बसलेला असतो, आणि जवळ उभा असलेला एखादा मुलगा त्याला किल्ली देतां देतां विचारीत असतो, ही दांडी कशाची आणि तो आवाज कशाचा. ती गाडी ब्रायटनला साडेचारच्या आंत पोंचेल किंवा न पोंचेल. त्या मुलाला उत्तर मात्र मिळालेलें असतें.