पैठणी : विणलेला ठेवा

सातवाहनांची राजधानी प्रतिष्ठान, म्हणजेच पैठण, आणि कोकणातील बंदरे यांना जोडणारा व्यापारी मार्ग जुन्नरवरून नाणेघाटाने खाली उतरत असे. पैठणच्या वस्त्रांची कीर्ती तेव्हापासूनची सांगितली जाते. मात्र संग्रहालयांतून आज दिसणाऱ्या जुन्या पैठण्या बहुतांशी पेशवाईतील वा त्यानंतरच्या आहेत.

पुण्यात बाजीराव रस्त्यावरील राजा दिनकर केळकर संग्रहालयात दिवे, अडकित्ते यांच्या जोडीने वस्त्रप्रावरणेही जपली आहेत. दिनकर गंगाधर केळकर (१८९६-१९९०) यांनी अकाली निवर्तलेल्या राजा या पुत्राच्या स्मृतीसाठी हा संग्रह उभारला व १९७५ मध्ये तो राज्य शासनाच्या स्वाधीन केला.

काचेआडची पैठणी पाहताना पदरावरील मोर भरतकामाचा वाटतो. तो तसा नसतो. कशिद्यात तयार कापडावर सुईने नक्षी काढतात. ती उसवली तरी कापड उरते. पैठणीत नक्षी हेच कापड असते. विणकर प्रत्येक रंगाचा बाणा लहान कांडीवरून नेमक्या ताण्यांपुरता फिरवतो आणि शेजारच्या रंगात अडकवून मागे वळवतो. म्हणूनच पदर दोन्ही बाजूंनी जवळजवळ सारखा दिसतो. यंत्रमागावरील नकलेच्या पाठीमागे सुटे धागे लोंबतात. पारख करण्याची ही सोपी खूण. आसावली, बांगडी-मोर, मुनिया, नारळी काठ ही नावे याच विणकामातली. ताणा व बाणा वेगळ्या रंगांचे घेतले की धूपछाव साधते.

जुन्या जरीत सोन्याचा मुलामा दिलेली चांदीची बारीक पट्टी रेशमी धाग्यावर गुंडाळत. तेच या वस्त्रांच्या मुळावर आले. विरलेल्या पैठण्या जाळून त्यांतील चांदी काढण्याची प्रथा घरोघरी होती, आणि शतकभराची कारागिरी काही तोळ्यांच्या भावाने गेली. उरल्या त्या कोणीतरी मोडीत न काढल्यामुळे.

पैठणीला २०१० मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला. विणकाम आज मुख्यतः येवल्यात चालते. जुन्या वस्त्रांचा शत्रू मात्र प्रकाश. रेशीम उजेडाने ठिसूळ होते, त्यामुळे दालनांत सुमारे ५० लक्स इतकाच मंद प्रकाश ठेवण्याचा संकेत आहे. घडीच्या रेषेवर जर तुटते, म्हणून संग्रहालयांत अशी वस्त्रे शक्यतो नळीवर गुंडाळून ठेवतात. घरच्या पेटीत निदान वर्षातून दोनदा घडी बदलावी, आणि डांबरगोळी जरीला लागू देऊ नये.