उन्हाळी हॉकी शिबिर : शुल्क, चेंडू आणि जून महिना

हैदराबादचा सुलतान बाजार म्हणजे एकेकाळचा रेसिडेन्सी बाजार. ब्रिटिश रेसिडेन्सीच्या अखत्यारीतील हा भाग १९३३ साली निजामाकडे परत आला. कापडदुकानांच्या या गजबजाटालगत १९०७ पासूनची विवेकवर्धिनी ही मराठी शिक्षणसंस्था आहे. हनुमान व्यायामशाळाही याच वस्तीतली. व्यायामशाळेचे काम बेताच्या जागेत भागते. हॉकीला मात्र ९१.४ मीटर लांब आणि ५५ मीटर रुंद मैदान लागते, आणि इतक्या दाट वस्तीत ते मिळणे नाही. त्यामुळे मुलाला वा मुलीला उन्हाळी हॉकी शिबिरात घालावे काय, हा येथील मराठी कुटुंबापुढचा प्रश्न केवळ शुल्काचा उरत नाही.

तेलंगणातील शाळा एप्रिलच्या अखेरीस सुटतात आणि १२ जूनच्या सुमारास भरतात. म्हणजे हाती सुमारे सात आठवडे. उदाहरणादाखल सहा आठवड्यांचे शिबिर घेऊ : आठवड्याला पाच दिवस, रोज दीड तास, एकूण ४५ तास. शुल्क ४,५०० रुपये धरले तर तासाला १०० रुपये पडतात, स्वस्तच वाटते. परंतु चार मुलांत एक चेंडू असेल, तर प्रत्येकाच्या काठीला चेंडू लागण्याचा काळ सव्वाअकरा तासांवर येतो आणि त्या तासाचा भाव ४०० रुपये होतो. उरलेला वेळ रांगेत उभे राहण्याचा. पैसे भरण्यापूर्वी पालकांनी एकदा मैदानावर जाऊन चेंडू मोजावेत. माहितीपत्रकापेक्षा ती मोजणी अधिक बोलते.

दुसरा खर्च वेळेचा. सुलतान बाजार स्थानकातून मेट्रो थेट सिकंदराबादच्या परेड ग्राउंडपर्यंत जाते, पण उन्हामुळे शिबिरे पहाटे भरतात आणि मेट्रो सहाच्या सुमारास सुरू होते. गच्चीबावलीचे हॉकी मैदान तर शहराच्या दुसऱ्या टोकाला. तेव्हा पोहोचवायला घरातले कोणीतरी दुचाकी काढणार, दीड तास तेथेच थांबणार आणि परतून कामाला लागणार. हा हिशेब शुल्काच्या पावतीवर नसतो.

साहित्यात काटकसर कोठे करावी हे ठरलेले आहे. काठी पहिल्या वर्षी साधी, जुनीही चालेल. लांबी मात्र मुलाच्या कमरेच्या हाडापर्यंत असावी. वाढत्या वयाचा विचार करून मोठी काठी घेणे म्हणजे मुलाला वाकडी पकड शिकवणे. डावखुऱ्या मुलांसाठी वेगळी काठी मागू नये. काठीची सपाट बाजू सर्वांना एकच असते. नडगीरक्षक आणि दातांचे कवच यांत तडजोड नको, कारण चेंडूचे वजन १५६ ते १६३ ग्रॅम आणि तो टणक असतो. गोलरक्षकाचा पोशाख महाग असतो. तो शिबिराने द्यावा, अन्यथा गोलरक्षक घडवण्याचा त्यांचा विचार नाही असे समजावे.

मे महिन्यात हैदराबादचा पारा चाळिशीला टेकतो. उन्हात श्रम करण्यास शरीर सरावायला दहा ते चौदा दिवस लागतात. पहिल्याच आठवड्यात मुलांना पळवून दमवणारा प्रशिक्षक कडक नव्हे, अजाण होय.

खरी कसोटी मात्र जूनमध्ये लागते. काठीवर चेंडू बसणे ही सवय आहे, आणि सहा आठवड्यांत रुजलेली सवय पुढचे दहा महिने मैदान न मिळाल्यास सुटते. चार ऑलिंपिक खेळलेले धनराज पिल्ले खडकीच्या दारूगोळा कारखान्याच्या वसाहतीत मोडक्या काठ्यांवर शिकले. तीन ऑलिंपिक खेळलेले एन. मुकेश कुमार हैदराबादचेच. दोघांचा खेळ एका उन्हाळ्यात घडलेला नाही. म्हणून ‘शाळा सुरू झाल्यावर हाच प्रशिक्षक, याच मैदानावर, किती दिवस?’ हा प्रश्न आधी विचारावा. उत्तर गुळमुळीत आले तर महागडे शुल्क भरू नये.

नवख्या मुलासाठी महापालिकेची उन्हाळी शिबिरे पुरेशी आहेत. सहा ते सोळा वर्षांच्या मुलांसाठी ती नाममात्र शुल्कात भरतात. गर्दी असते, हे खरे. पण मुलाला खेळ आवडतो की नाही एवढे त्यातून निश्चित कळते, आणि पहिल्या वर्षी तेवढेच जाणून घ्यायचे असते. खासगी शिबिराचा विचार दुसऱ्या वर्षी, तोही वर्षभर संघ चालवणाऱ्या क्लबाचाच.

निवडीच्या आश्वासनांना भुलण्याचे कारण नाही. राज्याचा संघ राज्य संघटनेच्या चाचण्यांतून निवडला जातो. शिबिराचे प्रमाणपत्र तेथे कोणी पाहत नाही. शहराच्या नावाचे संघही फसवे असतात. २००५ साली पहिली प्रीमियर हॉकी लीग जिंकणारे हैदराबाद सुलतान्स गच्चीबावलीला खेळले. फेब्रुवारी २०२५ मध्ये हैदराबाद तूफान्स हॉकी इंडिया लीगचा अंतिम सामना हरले तो राउरकेल्यात.

गोव्यातील पालकांनाही हा हिशेब परका नाही. २०२३ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेतील हॉकी जेथे झाली ते पेडे-म्हापशाचे मैदान सत्तरी वा काणकोणच्या मुलासाठी तितकेच दूर आहे. शिवाय आपल्याकडे शिबिर संपता संपता पाऊस दाराशी येतो. तेव्हा पावसाळ्यात सराव कोठे चालेल, हे एप्रिलमध्येच विचारून ठेवावे लागते.