रोज रात्रीचा एक प्रश्न

'ब्यूटी अँड द बीस्ट' ही गोष्ट डिस्नेच्या १९९१ च्या सिनेमामुळे आपल्याकडच्या नातवंडांनाही पाठ आहे. त्यात बोलणारी किटली आहे, नाचणाऱ्या ताटल्या आहेत, त्यामुळे ही गोष्ट लहान मुलांसाठीच असावी असं वाटतं. मुळात ती तशी नव्हती. या गोष्टीवर बेतलेल्या प्रेमकादंबऱ्या आजही इतक्या का खपतात, हे समजून घ्यायचं तर तिथपासूनच सुरुवात करायला हवी.

सतराव्या शतकाच्या शेवटी फ्रान्समधल्या शिकलेल्या, वरच्या वर्गातल्या बायकांनी परीकथा लिहायला घेतल्या. त्या समाजात लग्नं वडीलधारेच ठरवत, तीही जमीनजुमला आणि हुद्दा पाहून. मादाम दोल्नुआ यांचं लग्न १६६६ साली, कोवळ्या वयात, तीस वर्षांनी मोठ्या माणसाशी लावलं गेलं. त्यांनीच १६९७ मध्ये आपल्या संग्रहाला 'परीकथा' असं नाव दिलं. त्याच वर्षी शार्ल पेरोचं सिंड्रेला असलेलं पुस्तक निघालं. पेरो सगळ्यांना ठाऊक, या बाई मात्र विस्मरणात गेल्या. असो.

ब्यूटीची गोष्ट १७४० साली मादाम द विलनव्ह यांनी लिहिली. चांगली शंभर पानांच्या वर, मोठ्यांसाठी. बापाने एक गुलाब तोडला म्हणून त्याच्या बदल्यात मुलगी त्या पशूच्या वाड्यात राहायला येते. (बापाच्या चुकीची भरपाई मुलीने करायची, हे आपल्याला काही नवीन नाही!) तिथे तो पशू रोज रात्री तिला विचारतो, माझ्याबरोबर झोपशील का? ती नाही म्हणते, आणि तो निघून जातो. पुढे १७५६ मध्ये मादाम लप्रँस द बोमाँ यांनी ही गोष्ट छाटून छोटी केली. त्या लंडनमध्ये मुलींच्या शिक्षिका होत्या. शिक्षिकाच त्या, प्रश्न बदलून त्यांनी "माझ्याशी लग्न करशील का?" असा केला. आज जगभर सांगितली जाते ती त्यांचीच गोष्ट.

काही अभ्यासक म्हणतात, नवरा कसाही असला तरी गोड मानून घ्या, हेच ही गोष्ट मुलींना शिकवते. बोमाँबाईंच्या हेतूपुरतं ते खरं असेल. पण मला त्या प्रश्नाचंच अप्रूप वाटतं. वाडा त्याचा, बळ त्याचं, तरी तो विचारतो; आणि 'नाही' ऐकून घेतो.

आपल्या पंचतंत्रातही सापाशी लग्न लावलेल्या मुलीची गोष्ट आहे. लोक तिला म्हणतात, पळून जा. ती म्हणते, वडिलांनी शब्द दिलाय. रात्री साप कात टाकून पुरुष होतो, सासरा ती कात जाळून टाकतो, सगळं छान होतं. पण "तुला चालेल का?" असं त्या मुलीला कोणीच विचारत नाही. माझ्या पिढीतल्या कितीतरी जणींच्या घरी 'मुलगी पसंत आहे' असा निरोप आला, की पुढची तयारी सुरू व्हायची. मुलगा पसंत आहे का, हे विचारायचं राहूनच जायचं.

कादंबरीकार बायकांनी या गोष्टीतलं नेमकं हेच उचललं असं मला वाटतं. शार्लट ब्राँटीच्या १८४७ च्या 'जेन एअर'मध्ये मोठा वाडा आहे, रूपाने ओबडधोबड, तिरसट मालक आहे. जेन होकार देते, पण त्याची पहिली बायको जिवंत असल्याचं कळताच निघून जाते. परत येते ती स्वतःच्या मनाने, वारशाचे पैसे हाती असताना. १९७८ साली अमेरिकेत रॉबिन मॅकिन्लीने 'ब्यूटी' लिहिली. ही तिची पहिलीच कादंबरी. तिची नायिका 'ब्यूटी' हे नाव मिरवते खरी, पण स्वतःला कुरूपच समजते. घोडे आणि पुस्तकं हा तिचा जीव. पशूच्या ग्रंथालयात तर अजून लिहिलीच गेली नाहीत अशी पुस्तकंही आहेत!

बोमाँबाईंच्या गोष्टीत बहिणी दुष्ट आहेत, मॅकिन्लीच्या बहिणी प्रेमळ. घरातलं कोणीही ब्यूटीला पशूकडे ढकलत नाही, उलट सगळे अडवतात. ती आपणहून जाते. रात्रीचं जेवण झालं की तो तोच जुना प्रश्न विचारतो, आणि जवळजवळ सबंध पुस्तकभर ती 'नाही'च म्हणते.