उशाशी ठेवलेल्या श्वासयंत्राचा इतिहास

प्रतापगड म्हटलं की बाहेरच्या माणसाला साताऱ्याकडचा गड आठवतो. आपण बोलतोय ते गोंदिया जिल्ह्यातल्या, अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या प्रतापगडाबद्दल. महाशिवरात्रीला इथे मोठी यात्रा भरते. मुक्कामाला आलेली कुटुंबं एका ओळीत अंथरुणं टाकतात आणि कोण किती घोरतो हे सगळ्या गोतावळ्याला कळतं. सकाळी त्यावर हसणं होतं. घोरणं म्हणजे गाढ झोप, असं आपण पिढ्यानपिढ्या मानत आलो.

ही समजूत वैद्यकशास्त्रातही बराच काळ टिकून होती. १९६५ मध्ये फ्रान्स आणि जर्मनीतल्या संशोधकांनी झोपलेल्या रुग्णांचा श्वास रात्रभर नोंदवला, तेव्हा दिसलं की घोरता घोरता श्वास चक्क थांबतो. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, वाट मिटते, रक्तातला प्राणवायू उतरतो, मेंदू दचकून जागा होतो आणि श्वास परत सुरू होतो. रात्रीतून शेकडो वेळा. माणसाला सकाळी यातलं काही आठवत नाही, फक्त दिवसभर डोळा लागतो. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातले डॉ. झरीर उदवाडिया यांच्या २००४ च्या अभ्यासात ३५ ते ६५ वयाच्या शहरी पुरुषांपैकी ७.५ टक्क्यांना हा विकार आढळला. म्हणजे दुखणं परदेशी नाही, आपल्याच घरातलं आहे.

त्यावर सुरुवातीला खात्रीचा इलाज एकच होता: गळ्याला भोक पाडून श्वासनलिकेत नळी बसवणं. जून १९८० मध्ये ऑस्ट्रेलियात सिडनीला एका रुग्णाने ही शस्त्रक्रिया नाकारली. डॉ. कॉलिन सलिव्हन यांनी त्याच्या नाकावाटे सतत थोड्या दाबाने हवा सोडली. हवेच्या दाबाने घसा आतून तोलून धरला गेला, जशी हवा भरल्यावर सायकलची ट्यूब तट्ट राहते. तो माणूस रात्रभर नीट झोपला. एप्रिल १९८१ मध्ये पाच रुग्णांवरचा हा प्रयोग ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. दाब होता साधारण साडेचार ते दहा सेंटीमीटर पाण्याइतका. दहा सेंटीमीटर खोल पाण्याखाली जेवढा दाब असतो, तेवढाच.

आता मुद्द्याचं. त्या पहिल्या यंत्राला ‘डोकं’ नव्हतं. व्हॅक्यूम क्लीनरसारखी आवाज करणारी मोटर, जाड नळी आणि रुग्णाच्या नाकाचा साचा घेऊन केलेला मास्क. तो रोज रात्री चेहऱ्यावर चिकटवावा लागे, कारण फट राहिली की दाब गेला. मग मऊ गादीचे मास्क आले. कोरड्या हवेने नाक सुकायचं, म्हणून पाणी गरम करणारी टाकी जोडली. सुरुवातीलाच जोराची हवा सोसत नाही, म्हणून दाब हळूहळू चढवायची सोय आली. एकच दाब रात्रभर लागत नाही, म्हणून १९९० च्या दशकात दाब स्वतः ठरवणारी मशीनं आली. प्रत्येक सोयीने एक अडचण मिटवली आणि आपली एक नवी खोड सोबत आणली.

या खोडींची ओळख आम्हाला घरातच झाली. आमचे मोठे बाबा धानाची शेती करतात, ट्रॅक्टर स्वतः चालवतात. डॉक्टरांनी मशीन दिलं, दोन-तीन महिने उत्तम गेले. मग जानेवारीच्या थंडीत एका रात्री नळीतून गुळगुळ आवाज आला आणि तोंडावर पाणी उडालं. पुढे कधी अडीच वाजता हवेचा झोत वाढायचा, कधी वीज येऊन-जाऊन झाली की हवा अगदीच मंद यायची. शेजारच्यांनी विचारलं, “मशीन पागल झाली का गा?” मोठ्या बाबांनी ते कपाटात ठेवून दिलं. महिनाभरात ट्रॅक्टरवर डुलकी लागली आणि चाक बांधीच्या धुऱ्यावर चढलं. थोडक्यात निभावलं. तेव्हा आम्ही मशीन बाहेर काढलं, वही घेतली आणि काय, केव्हा घडतं ते रोज लिहू लागलो.

वहीतून उलगडलं ते असं. पाण्याचं कारण थंडी: टाकीतली गरम ओलसर हवा थंड नळीत आली की तिचं पाणी होतं. मशीन पलंगापेक्षा खाली ठेवलं, नळीला कापड गुंडाळलं, ओलावा एक पायरी उतरवला, गुळगुळ थांबली. अडीचचा झोत म्हणजे बिघाड नव्हता. घसा मिटायला लागला की मशीन दाब वाढवतं, ते त्याचं कामच. पण मास्कची गादी तेलकट होऊन हवा गळत होती, त्यामुळे नोंदी फसत आणि झोतही डोळ्यांवर येई. गादी रोज सौम्य साबणाने धुतली. मळणीच्या दिवसांत गाळणी भुशाने भरलेली निघाली, ती बदलली. वीज परतल्यावर मशीन पुन्हा कमी दाबापासून सुरू होत होतं, म्हणून हवा मंद वाटे. इथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: वीज गेली की मास्क आधी काढायचा. झोत बंद असताना मास्कमध्ये आपलाच सोडलेला श्वास साठतो.

मात्र दोष दर वेळी घरच्यांचाच असतो असंही नाही. जून २०२१ मध्ये फिलिप्स कंपनीने जगभरातली लाखो श्वासयंत्रं परत मागवली. आतला आवाज दाबणारा फोम झिजून त्याचे कण हवेच्या वाटेत येण्याचा धोका होता. उष्ण-दमट हवा आणि ओझोनने केलेली सफाई यांनी तो वाढत होता. ज्या फोमने सलिव्हन यांच्या मोटरचा गोंगाट मिटवला असता, त्यानेच हा प्रश्न उभा केला. म्हणून नळीत काळे कण दिसले, जळका वास आला, तर घरगुती उपाय करायचा नाही. मशीनचा नंबर घेऊन विक्रेत्याकडे आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचं. ठरवून दिलेला दाबही आपल्या मनाने बदलायचा नाही.

दवाखान्यात या यंत्रावर नर्सची नजर असायची. ते घरी आलं तेव्हा ती नजर घरच्यांना द्यावी लागली, पण ते कुणी नीट सांगितलं नाही. मशीन कपाटात जातं ते बहुतेक इथेच. तेव्हा ते विचित्र वागलं तर इतिहासाच्याच क्रमाने तपासा: आधी मास्क, मग नळी आणि पाणी, मग गाळणी, मग वीज, आणि शेवटी आतलं यंत्र.

मोठे बाबा आता रोज मास्क लावून झोपतात. वही अजून उशाशी आहे. आज इथेच थांबू या.